साल आधी, रंग नंतर

मॉडेल रेल्वेचा डबा इतिहासाला धरून रंगवायचा असेल, तर रंगाच्या डबीला हात लावण्याआधी एक साल ठरवावे लागते. त्यानंतर जागा ठरवावी लागते. भारतीय रेल्वेच्या डब्यांचे रंग गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले. ते सगळ्या गाड्यांवर एकाच दिवशी बदलले नाहीत आणि प्रत्येक रंगाची गाडी प्रत्येक मार्गावर धावली नाही. त्यामुळे ‘रेल्वेचा डबा कोणत्या रंगाचा असतो?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘1985 साली बोदवडच्या फलाटासमोरून गेलेल्या पॅसेंजरचा डबा कोणत्या रंगाचा होता?’ या प्रश्नाला मात्र उत्तर आहे आणि ते शोधून काढता येते.

बोदवडचे उदाहरण सोयीचे आहे. जळगाव जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव भुसावळ–बडनेरा मार्गावर, भुसावळ आणि मलकापूर यांच्यामध्ये आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची नागपूर शाखा 1867 मध्ये नागपूरला पोचली, तेव्हापासून मुंबई–नागपूर वाहतूक याच रुळांवरून चालू आहे. स्टेशन लहान असले, तरी मुंबई–हावडा मुख्य मार्गावर असल्याने इथून जाणाऱ्या गाड्यांमध्ये प्रत्येक काळातले जवळजवळ सगळे रंग सापडतात. घरातल्या फळीवर मांडता येईल असा आटोपशीर लेआऊट आणि त्यावर चालवायला भरपूर प्रकारचे डबे, असा मेळ अशाच स्टेशनांवर बसतो.

पहिली सीमारेषा 5 नोव्हेंबर 1951 ची. त्या दिवशी जीआयपी, निजाम स्टेट, सिंदिया स्टेट आणि धोलपूर या रेल्वे एकत्र येऊन मध्य रेल्वे झाली. त्याआधीच्या डब्यावर जीआयपीची अक्षरे हवीत, नंतरच्या डब्यावर मध्य रेल्वेची. मधल्या काही वर्षांत दोन्ही दिसली असणार, कारण डब्याचा रंग आणि अक्षरे बदलतात ती तो कारखान्यात मोठ्या दुरुस्तीला जातो तेव्हा. खानदेशात काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. भुसावळ, बोदवड, चाळीसगाव, धुळे हा भाग मध्य रेल्वेचा आहे, तर जळगावहून अमळनेर, नंदुरबारमार्गे सुरतेकडे जाणारा मार्ग पश्चिम रेल्वेचा. अमळनेर स्टेशनचे मॉडेल करणाऱ्याने सगळ्या डब्यांवर ‘म. रे.’ लिहिले, तर रंग कितीही अचूक असला तरी तो लेआऊट खोटा ठरतो.

एकीकरणानंतरच्या दशकांत देशभरच्या गाड्यांची ओळख बनला तो मरून, म्हणजे गडद विटकरी तांबडा रंग. मद्रासजवळ पेरांबूरला इंटिग्रल कोच फॅक्टरी 2 ऑक्टोबर 1955 रोजी सुरू झाली. स्विस तंत्रज्ञानावर बेतलेले तिचे पोलादी डबे, ज्यांना सगळे आयसीएफ डबे म्हणतात, पुढे साठ वर्षे भारतीय रेल्वेचा कणा होऊन राहिले. आज चाळिशी ओलांडलेल्या कुणाच्याही आठवणीतली आगगाडी हीच: मरून भिंती, खिडक्यांना आडवे गज, काळी बोगी, म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट. बोदवडचा लेआऊट 1960 ते 1990 या काळातला असेल, तर डब्यांचा मुख्य रंग मरूनच हवा. त्यातही इंजिन कोणते जोडणार, हे सालावरच ठरते. भुसावळच्या पूर्वेला विजेच्या तारा 1990 च्या आसपास आल्या, त्यामुळे 1975 च्या दृश्यात बोदवडवर विजेचे खांब आणि विद्युत इंजिन दिसता कामा नये.

मरूननंतर निळा आला. हा बदल सर्वांत जास्त गोंधळाचा आहे आणि म्हणूनच नीट समजून घेण्याजोगा आहे. जुन्या डब्यांना निर्वात ब्रेक असत. इंजिन नळीतली हवा ओढून घेई आणि बाहेरची हवा आत शिरली की ब्रेक लागत. पुढे हवादाबाचे ब्रेक आले. त्यांत मुख्य नळीत प्रत्येक चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाबाची हवा भरलेली असते आणि दाब घटला की ब्रेक लागतात. हे ब्रेक जास्त खात्रीचे आणि लांब, वेगवान गाड्यांना उपयोगी. दोन्ही पद्धतींचे डबे एका गाडीत जोडून चालवता येत नाहीत. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात गडद निळ्या डब्यावर खिडक्यांच्या उंचीला फिका निळा पट्टा ही रंगसंगती पसरली ती हवादाबाच्या डब्यांची खूण म्हणून. दुरून पाहूनही डबा कोणत्या ब्रेकचा आहे हे कळावे, हा त्यातला व्यवहार होता.

मॉडेलकाराच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. रंग बदलला म्हणजे डब्याच्या पोटाखालची यंत्रणाही बदलली. मरून डब्याखाली निर्वात ब्रेकचे मोठे सिलिंडर हवेत आणि निळ्याखाली हवादाबाचे लहान सिलिंडर व हवेच्या टाक्या. तयार मॉडेल विकत घेऊन फक्त वरचा रंग बदलणाऱ्यांकडून इथेच चूक होते. तसेच एकाच गाडीत अर्धे डबे मरून आणि अर्धे निळे लावण्याचा मोह टाळावा. बदलाच्या काळात हवादाबाचा एखादा डबा जुन्या रंगात राहिलेला असू शकतो, त्यामुळे अशी गाडी अशक्य नाही. पण ती मांडायची असेल, तर त्या सालचे छायाचित्र हाताशी हवे.

निळ्या रंगाने साधारण वीस वर्षे राज्य केले. जानेवारी 2018 मध्ये पेरांबूरच्या कारखान्याने जुन्या पद्धतीचे डबे बनवणे थांबवले आणि त्याच वर्षी धावत्या आयसीएफ डब्यांसाठी फिका बदामी व तपकिरी अशी नवी रंगसंगती आली. दिल्ली–पठाणकोट एक्स्प्रेस तिच्यातल्या पहिल्या गाड्यांपैकी एक. म्हणजे हा रंग मुख्यतः आधीच वापरात असलेल्या डब्यांवर चढला. बदामी-तपकिरी डबा अगदी कोरा करकरीत दाखवायचा असेल, तर तो नुकताच कारखान्यातून रंगवून आलेला समजावा. त्याच्या पत्र्यावरचे जुनेपण, ठोकलेले-भरलेले भाग मात्र लपवू नयेत.

दरम्यान 2000 सालापासून एलएचबी डबे आले. लिंके-हॉफमन-बुश या जर्मन कंपनीच्या आराखड्याचे हे डबे कपूरथळ्याच्या रेल कोच फॅक्टरीत बनू लागले. आधी शताब्दी आणि राजधानीला मिळालेले हे डबे पुढे साध्या मेल-एक्स्प्रेसलाही लागले. त्यांचा तांबडा आणि राखाडी रंग हल्ली बोदवडवरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांवर सर्रास दिसतो. इथे रंगापेक्षा आकार जास्त महत्त्वाचा. आयसीएफ डबा सुमारे 21.3 मीटर लांब, एलएचबी सुमारे 23.5 मीटर. 1:87 या प्रमाणात, ज्याला एचओ म्हणतात, पहिला साधारण 24.5 सेंटिमीटरचा होतो आणि दुसरा 27 सेंटिमीटरचा. आयसीएफच्या मॉडेलला एलएचबीचा तांबडा-राखाडी रंग दिला, की जाणकाराला पहिल्या नजरेत ते खटकते. खिडक्यांची ठेवण, छपराचा बाक, बोगीची घडण, काहीच जुळत नाही.

काही गाड्यांना स्वतःचा रंग असतो आणि तिथे मार्गाचा विचार टाळता येत नाही. दुरांतो गाड्या 2009 मध्ये सुरू झाल्या. हिरव्या-पिवळ्या रंगावर चित्रमय नक्षी असे त्यांचे डबे मुंबई–नागपूर आणि मुंबई–हावडा दुरांतोच्या रूपाने बोदवडवरून न थांबता गेले, त्यामुळे 2010 नंतरच्या लेआऊटवर ते शोभतात. मुंबई–दिल्ली राजधानी जानेवारी 2019 पासून नाशिक-जळगावमार्गेही धावू लागली, पण ती भुसावळहून खंडव्याकडे वळते. राजधानीचा रेक, म्हणजे डब्यांचा पूर्ण संच, भुसावळच्या लेआऊटवर बरोबर आहे, बोदवडच्या नाही. दख्खनची राणी तर या बाजूला येतच नाही. मुंबई–पुण्याचीच ती गाडी.

तरीही रंग कसा शोधावा हे शिकायला दख्खनच्या राणीइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. जीआयपीने 1 जून 1930 रोजी ही गाडी सुरू केली तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन रेक होते. एक रुपेरी, त्यावर शेंदरी-तांबड्या कडा, आणि दुसरा शाही निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांच्या चौकटी इंग्लंडमध्ये बनल्या आणि वरचे डबे जीआयपीच्या माटुंगा कारखान्यात. 1966 मध्ये हे मूळ रेक काढून पेरांबूरचे पोलादी डबे आले. पुढे निळा-पांढरा आणि त्यावर तांबडी आडवी पट्टी हे तिचे रूप लोकांच्या मनात बसले. जून 2022 मध्ये एलएचबी डबे आले आणि तिला हिरवा-लाल रंग मिळाला. एकाच नावाच्या गाडीचे हे चार वेगवेगळे चेहरे आहेत. नुसती ‘दख्खनची राणी’ रंगवायची असे म्हणून भागत नाही. 1930 ची रंगवायची ठरवली तरी दोन रेकपैकी कोणता, हे पुन्हा ठरवावे लागते.

याच गाडीचा वर्गांचा इतिहासही डब्यावरच्या अक्षरांना लागू होतो. सुरुवातीला तिच्यात फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. 1 जानेवारी 1949 रोजी पहिला वर्ग बंद करून दुसऱ्यालाच पहिला केले गेले. तिसरा वर्ग या गाडीला जून 1955 मध्ये प्रथम मिळाला आणि एप्रिल 1974 मध्ये त्याचे नाव दुसरा वर्ग झाले. म्हणून दख्खनच्या राणीच्या डब्यावर तीन उभ्या रेघांचा रोमन आकडा योग्य ठरतो तो या एकोणीस वर्षांपुरताच. बोदवडवरून जाणाऱ्या कोणत्याही गाडीला 1974 ही सीमा तशीच लागू आहे.

डब्यांच्या आतल्या बाजूबद्दलही असेच. खिडक्यांतून बाक दिसतात, आणि मधु दंडवते 1977 ते 1979 या काळात रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या बसवायला सुरुवात झाली. त्यांच्याच काळात 26 डिसेंबर 1977 रोजी मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस वर्गविरहित गाडी म्हणून निघाली आणि बोदवडच्या रुळांवरून धावू लागली. 1970 च्या तिसऱ्या वर्गाच्या मरून डब्यात गादीचे बाक दाखवणे ही रंगाइतकीच ठळक चूक आहे, कारण सामान्य प्रवाशाच्या सोयीत झालेला एक मोठा बदल त्यामुळे काही वर्षे मागे ओढला जातो.

पुरावा कुठे मिळतो? छायाचित्रे हे पहिले साधन, पण त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक कृष्णधवल फिल्म तांबड्या प्रकाशाला आंधळी होती. तिच्यावर तांबडा रंग जवळजवळ काळा उमटतो आणि निळा प्रत्यक्षापेक्षा फिका. अशा फिल्मवर 1930 च्या रुपेरी रेकच्या तांबड्या कडा काळ्या दिसतील आणि निळा रेक असेल त्याहून उजळ. जुन्या रंगीत छायाचित्रांची अडचण वेगळी. त्यांतली रंगद्रव्ये सारख्या वेगाने उडत नाहीत, आणि उरलेल्या रंगाकडे सारे चित्र झुकते. त्यावर उपाय म्हणजे त्याच चित्रात रंग ठाऊक असलेली वस्तू शोधणे. पिवळ्या फळीवर काळ्या अक्षरांची स्टेशनची पाटी यासाठी उत्तम. फलाटावरच्या माणसाचा पांढरा सदराही चालतो. पाटीचा पिवळा नारिंगीकडे झुकलेला असेल, तर डब्याचा मरूनही तितकाच झुकलेला धरावा. चित्रपटांतल्या गाड्यांबाबत आणखी सावध राहावे, कारण चित्रीकरणासाठी डबे मुद्दाम रंगवले जाऊ शकतात.

दुसरे साधन म्हणजे प्रमाणित छटा. भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस 5’ हे मानक तयार रंगांच्या छटांना क्रमांक देते, आणि रेल्वेच्या रंगांची विनिर्देशने याच क्रमांकांचा आधार घेतात. रंगाच्या दुकानात आयएस 5 चे छटापत्रक पाहायला मिळते. युरोपीय मॉडेल रंगांच्या बाटलीवर लिहिलेल्या नावांपेक्षा हे पत्रक जवळ ठेवून रंग मिसळणे जास्त भरवशाचे. तिसरे साधन प्रत्यक्ष डबे. दिल्लीचे राष्ट्रीय रेल संग्रहालय आणि नागपूरच्या मोतीबागेतले नॅरोगेज संग्रहालय इथे जुने डबे जवळून बघता येतात, मोजता येतात. मात्र संग्रहालयातला डबा नव्याने रंगवलेला असतो, हे विसरू नये. त्याचे माप आणि घडण यांवर पूर्ण भिस्त ठेवावी, छटेवर नाही. लहान प्रमाणातल्या गाड्या कशा दिसतात याची कल्पना यावी म्हणून पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले आणि 1998 मध्ये खुले झालेले मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहावे. तिथल्या मांडणीत गाड्या, माणसे, रस्ते यांचे प्रमाण किती काटेकोर असावे लागते ते कळते.

रंगाइतकाच बोलका असतो डब्यावरचा क्रमांक. अलीकडच्या दशकांतल्या पाच अंकी क्रमांकाचे पहिले दोन अंक डबा बनल्याचे साल सांगतात आणि शेवटचे तीन अंक प्रकार. 201 ते 400 म्हणजे दुसऱ्या वर्गाचा स्लीपर, 401 ते 600 म्हणजे सर्वसाधारण दुसरा वर्ग, 101 ते 150 म्हणजे वातानुकूलित तीन टियर. 98237 हा 1998 चा स्लीपर डबा. 1995 च्या लेआऊटवर तो चालवला, तर तो जन्माआधीच धावतो आहे असे होईल. डब्याच्या टोकाच्या भिंतीवर शेवटच्या मोठ्या दुरुस्तीची, रेल्वेच्या भाषेत पीओएचची तारीख आणि कारखान्याचे संकेताक्षरही रंगवलेले असते. एचओ प्रमाणात पंधरा सेंटिमीटर उंचीची अक्षरे 1.7 मिलिमीटरची होतात. ती हाताने लिहिण्यापेक्षा पाण्यात भिजवून चिकटवण्याच्या डेकलवर छापून घ्यावीत.

गंतव्यस्थानाच्या पाटीकडे फारच कमी लोक लक्ष देतात. मुंबईच्या मुख्य स्थानकाचे नाव 1996 पर्यंत व्हिक्टोरिया टर्मिनस, त्यानंतर छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि 2017 पासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. मरून डब्यावर ‘बॉम्बे व्ही.टी. – नागपूर’ ही पाटी शोभते. बदामी-तपकिरी डब्यावर तीच पाटी लावली, तर दोन काळांची सरमिसळ होते.

बोदवडच्या लेआऊटला लागून एक वेगळी शक्यता आहे, ती पाचोरा–जामनेर नॅरोगेजची. 762 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर 56 किलोमीटर जाणारी ही गाडी, लोकांच्या तोंडी ‘पीजे’, सुमारे शंभर वर्षे धावली आणि 2020 च्या टाळेबंदीत थांबली. आता तिचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करून मार्ग जामनेरहून पुढे बोदवडपर्यंत नेण्याचा 84 किलोमीटरचा प्रकल्प आहे. योगायोगाने मॉडेलसाठी ही गाडी ब्रॉडगेजपेक्षा जास्त अचूक बसते. एचओ प्रमाणात 762 मिलिमीटरचे 8.8 मिलिमीटर होतात आणि बाजारात 9 मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो. भारतीय ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये 19.3 मिलिमीटर हवा, पण मिळणारा एचओ रूळ 16.5 मिलिमीटरचा, युरोपीय गेजच्या हिशोबाचा असतो. रूळ अरुंद आणि डबा रुंद ही तडजोड भारतीय मॉडेलकार नाइलाजाने स्वीकारतात. पीजेच्या डब्यांचा रंग ठरवताना मुख्य मार्गाचा कालक्रम जसाच्या तसा लावू नये. निवडलेल्या सालातले, पाचोरा किंवा जामनेर स्टेशन ओळखू येईल असे छायाचित्रच तिथे प्रमाण मानावे. ज्यांच्या घरी अशी छायाचित्रे आहेत, त्यांनी ती जपून, मागे साल लिहून ठेवली, तर खानदेशच्या या गाडीची खरी ओळख टिकेल.

प्रत्यक्ष रंगवताना अचूक छटा तशीच वापरली तर मॉडेल प्रत्यक्ष डब्यापेक्षा गडद दिसते. लहान पृष्ठभागावरून प्रकाश कमी परततो, आणि खरा डबा आपण पन्नास-शंभर फुटांवरून, मधल्या हवेच्या थरातून पाहत असतो. म्हणून मूळ रंग थोडा उजळ करावा लागतो. मरूनमध्ये पांढरा घातला तर तो गुलाबी होतो, त्याऐवजी किंचित नारिंगी किंवा बदामी मिसळावा. दोन रंगांच्या डब्यावर आधी फिका रंग द्यावा, पूर्ण वाळल्यावर पट्ट्याच्या जागी मास्किंग टेप लावून मग गडद रंग. निळ्या आयसीएफ डब्यासाठी फिका निळा आधी, गडद नंतर. डेकल लावण्यापूर्वी चकचकीत वार्निशचा हात द्यावा, नाहीतर डेकलच्या कडा दिसतात. शेवटचा हात मंद चकाकीचा असावा. आरशासारखा चकाकणारा डबा खेळण्यातला वाटतो.

डबा किती मळका दाखवायचा, हेही साल आणि ठिकाणच सांगतात. वाफेच्या इंजिनाच्या काळात छपरावर काजळी बसे. खानदेशातला उन्हाळा 45 अंशांपर्यंत जातो, आणि त्या उन्हात मरून हळूहळू विटकरी आणि मग धुरकट होतो, विशेषतः छपराच्या कडेला. काळ्या कापसाच्या जमिनीतून जाणाऱ्या मार्गावर डब्याचा खालचा भाग करड्या-काळ्या धुळीने माखतो, तर इतरत्र जिथे लाल माती आहे तिथे लाल थर दिसतो. बोदवडवरची हावडा मेल बंगालपासूनची धूळ घेऊन येते, भुसावळ–बडनेरा पॅसेंजर मात्र याच मातीची. दोन्ही डब्यांना एकाच रंगाची धूळ लावू नये.

पूर्ण लांबीची गाडी घरात मावत नाही. वीस आयसीएफ डब्यांना एचओमध्ये जवळपास पाच मीटर लागतात. सहा-सात डब्यांची गाडी करावी लागते, आणि तेव्हा दोन्ही टोकांना सामान व गार्डचे डबे, दोन सर्वसाधारण, दोन-तीन स्लीपर आणि साल अनुमती देत असेल तर एक वातानुकूलित डबा ठेवावा. प्रत्येक डब्याच्या खालच्या बाजूला निवडलेले साल, वापरलेल्या रंगांचे मिश्रण आणि कोणत्या छायाचित्रावरून ते ठरवले हे बारीक अक्षरांत लिहून ठेवावे. नवे छायाचित्र हाती आले, की त्या नोंदीशी ताडून कोणता डबा पुन्हा रंगवायचा ते लगेच कळते.